मुद्रामहाराजांचा पडदा

गुरुवार हा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. त्या दिवशी साऱ्या पट्ट्याची वीज बंद, म्हणून यंत्रं बंद, म्हणून माणसं मोकळी. या मोकळ्या माणसांना गाठण्यात मुद्रामहाराजांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. त्यांचा देवही मोठा समंजस. वीज मंडळाचं वेळापत्रक पाहून तो नेमका गुरुवारीच प्रसन्न व्हायचा.

चऱ्होलीला इंद्रायणीच्या काठी एक पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथे सिमेंटची पोती ठेवत, आता देव ठेवला होता. एकोणऐंशी सालच्या त्या गुरुवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टर्नर, फिटर, वेल्डर, मोल्डर, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं आणि पुढे खुर्च्या टाकून बसवलेले डिप्लोमावाले साहेब लोक. आठवडाभर ज्यांनी केसाएवढ्या फरकासाठी फोरमनशी हुज्जत घातली असेल, ते सगळे इथे हात जोडून एका पत्र्याच्या पेटीकडे डोळे लावून बसले होते.

पेटी चौथऱ्यावर होती. तिच्या कडीकोयंड्यातून एक तार ओवलेली आणि तारेच्या दोन्ही टोकांना गिळून बसलेलं पितळेचं एक सील. जुन्या रुपयाएवढं, वरून शेंदराने माखलेलं. सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एका भक्ताचा प्रश्न लिहिलेली चिठ्ठी आणि एक कोरा कागद पेटीत टाकला होता. आता दुपार झाली होती. देवाचा नैवेद्य उरकला होता आणि चौथऱ्यापुढचा भगवा पडदा बाजूला सरला होता.

"पेटी बंद, मुद्रा अखंड!" महाराज गरजले. "मन बंद तर देव बंद, मन उघडं तर देव उघडा! हा सूक्ष्माचा व्यवहार आहे बाबांनो. स्थूल डोळ्याने बघाल तर स्थूलच दिसेल. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, आणि सहावं तत्त्व म्हणजे आमची मुद्रा!"

पंचमहाभूतांना त्यांनी असं एका दमात सहावं भावंड आणून दिलं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग उद्धवराव उठले. हे चिंचवडच्या 'शलाका इन्स्ट्रुमेंट्स'चे वर्क्स मॅनेजर. सफारी सूट, कपाळाला बुक्का, खिशात दोन पेनं. ते सीलजवळ गेले, वाकून पाहिलं आणि कारखान्यात कधी लावत नसत एवढा आवाज लावून म्हणाले, "सील शाबूत आहे! हे आमच्या कंपनीचं सील आहे, मंडळी. अणुइंधनाच्या कोठाराच्या दारांना हेच सील लागतं. हे उघडून पुन्हा बंद करणं माणसाच्या हातचं काम नाही. हे मी इंजिनिअर म्हणून सांगतो."

"मुद्रामहाराज की जय!" शेडचा पत्रा हादरला.

तार कापली, पेटी उघडली. कोऱ्या कागदावर केशरी शाईत दोन ओळी उमटल्या होत्या. महाराजांनी त्या स्वतःच वाचल्या: "गोळ्या म्हणजे पोटातला विस्तव. टाकून दे. सात मुद्रांचं तीर्थ घे, छाती निर्मळ होईल."

गर्दीतून एक उंच, वाळलेला माणूस पुढे आला. महाराजांनी ते शेंदरी सील दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधलं. "उघडायचं नाही, पुसायचं नाही. शेंदूर गेला की गुण गेला!"

मागे खांबाला टेकून सुमनताई ओव्हाळ हे सगळं पाहत होत्या. गळ्यात सील बांधून घेणारा तो माणूस त्यांचा सख्खा थोरला भाऊ होता, साहेबराव. शेजारी त्यांची वहिनी सरूबाई पदर तोंडात धरून उभी होती. तिनेच त्यांना बोलावून आणलं होतं. आणि उद्धवरावांनी ज्याची ग्वाही दिली, ते सील सुमनताईंच्या खात्यातून तपासून बाहेर पडत असे. त्या 'शलाका'मध्ये इन्स्पेक्शनच्या प्रमुख होत्या.

त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली.

साहेबराव मोल्डर होता. फाउंड्रीतली वाळू आणि धूर खाऊन त्याने वीस वर्षं काढली होती. बाप गेल्यावर ओव्हरटाइम करकरून त्याने सुमनताईंना बी.एस्सी. केलं होतं. त्या पदार्थविज्ञान घेऊन पास झाल्या तेव्हा त्याने संत तुकाराम नगरमध्ये घरोघर पेढे वाटले होते. त्याच्याच छातीने आता दगा दिला होता. क्षय. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, दीड वर्ष औषध घ्यायचं, बरं वाटलं तरी घ्यायचं, मध्येच सोडलं तर रोग दुप्पट जोराने उठेल. तीन-चार महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, आणि साहेबरावाला वाटायला लागलं की आपण उगाच पोटात विष घालतोय. अशाच माणसाची मुद्रामहाराज वाट पाहत बसलेले असतात.

घरी आल्यावर सुमनताईंनी चपलाही काढल्या नाहीत.

"दादा, आपल्या बापाने छप्पन साली देव्हारा गोणीत भरून नदीत सोडला. त्याच्या पोराने त्या भोंदूकडून गंडा बांधून घेतला?"

"गंडा न्हाई त्यो. सील हाय," साहेबराव शांतपणे म्हणाला. "आन् देवाबिवाचं मला काय सांगू नगंस. देव मी मानत न्हाई. पर ते सील मानतो. का मानतो? तुझ्या हाताखालनं गेलंय म्हणून. तूच सांगितलं हुतंस ना मला, दादा, आमचं सील एकदा बसलं की उघडत न्हाई? मग ते न उघडता आतमधी अक्षर कसं आलं? सांग की! सायन्स शिकलीस ना तू?"

आपला भाऊ देवाच्या नादाला लागलेला नाही, तो आपल्यावरच्या विश्वासाने फसलाय, हे सुमनताईंना त्या क्षणी कळलं. त्यांनी हात पुढे केला.

"ते गळ्यातलं मला दाखव."

"न्हाई. पुसलं की गुण जातो."

"आणि गोळ्या?"

"बंद. तुज्या सीलखालनं निकाल आलाय सुमे. आता तूच खोटं म्हणायलीस?" तो थांबला. "एक सांगतो. तुझ्या हातानं सील लाव त्या पेटीला. अस्सल. त्यातनं बी अक्षर आलं तर मला परत इचारायचं न्हाई. न्हाई आलं तर त्याच जागी समद्यांसमोर गोळी गिळीन. शब्द हाय माजा."

"अहो, पण तोवर तरी घ्या," सरूबाई म्हणाली.

"तोवर न्हाई."

सरूबाईने गोळ्यांची बाटली डब्यामागे ठेवली आणि भाकरी थापायला बसली. तिच्या थापण्याचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठा येत होता.

दुसऱ्या दिवशी सुमनताई आपल्या खात्यात बसून राहिल्या. समोर टेबलावर सीलांचा ताज्या घाण्यातला माल होता. पितळेच्या दोन वाट्या, एकीत एक बारीक स्प्रिंगची कडी. कोठाराच्या दाराला तार ओवायची, तिची टोकं आत गाठ मारून ठेवायची, वरची वाटी अंगठ्याने दाबायची. कट्ट असा आवाज आला की संपलं. आता ते उघडायचं तर कापायलाच हवं. त्यांच्या हाताखालच्या मुली एकेक नग नखाने उचकटून बघत होत्या. ज्याची कडी सैल, ज्याचं झाकण नखाने निघतं आणि पुन्हा बसतं, त्याच्यावर लाल एनॅमलचा ठिपका. लाल ठिपका म्हणजे रिजेक्ट. हे पिंपरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. लाल रंगाचा माल कुणी हाती धरत नसे. तो प्रेसखाली चेचून भंगारात जायचा.

चेचला गेल्याच्या कागदावर सही उद्धवराव करत.

सुमनताई अणुखात्याच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. तिथे एका वयस्कर शास्त्रज्ञाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सील म्हणजे कुलूप नव्हे. चोराला ते अडवत नाही. चोर येऊन गेला की नाही एवढंच ते सांगतं, आणि तेही तुम्ही त्याला विचारलंत तर. म्हणून कोठाराच्या दाराला सील लावण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने वेडेवाकडे ओरखडे काढत, वर कथलाचा एक थेंब टाकत आणि त्याचा फोटो घेत. काही महिन्यांनी सील कापून आणलं की आतले ओरखडे फोटोशी ताडून पाहत. तेच ओरखडे असतील तर सील तेच. बाहेरून कितीही शाबूत दिसलं तरी आतून तपासल्याशिवाय त्याला कुणी शाबूत म्हणत नसे. आणि कोठारावर कॅमेरे असत, वेळीअवेळी आपोआप फोटो घेणारे. त्यांच्यासमोर कुणी फडकं धरलं तर फडक्याचा फोटो यायचा, आणि तोच पुरावा व्हायचा.

हे सगळं उद्धवरावांनाही माहीत होतं. पण देवळात शिरताना माणसं जोडे बाहेर काढतात, तसं ते आपलं ज्ञान शेडबाहेर काढून ठेवत. परत निघताना ते आठवणीने घालायचे, कारण त्याच्यावर पगार होता.

सुमनताई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, चऱ्होलीला सील कुठून येतात?"

उद्धवरावांचा चेहरा उजळला. "महाराज प्रकट करतात, ओव्हाळबाई! शिष्य कोंडीराम ताटात घेऊन येतो, शेंदूर लावलेलंच. मी उलटं करून बघितलंय, खाली आपल्याच कंपनीचा शिक्का असतो."

"आणि वरून पुसून बघितलंत?"

"पुसायचं?" त्यांनी कानाला हात लावला. "अहो, शेंदूर आहे तो!"

कोंडीराम म्हणजे 'शलाका'चं भंगार उचलणाऱ्या ठेकेदाराचा माणूस, हे सुमनताईंना चांगलं ठाऊक होतं. उद्धवरावांना ते ठाऊक असूनही दिसत नव्हतं. सुमनताईंनी ते बोलून दाखवलं नाही. नुसत्या संशयावर भावाला परत आणता येणार नव्हतं आणि साहेबांना तर नाहीच.

"साहेब, एकदा माझ्या हाताने सील लावायचंय. ग्राहकांना दाखवायचं नमुन्याचं आहे ना, नंबर न पडलेलं, ते द्या. इन्स्पेक्शनच्या बाईने स्वतः लावलेलं सील भेदून उत्तर आलं, तर महाराजांची कीर्ती कुठल्या कुठे जाईल."

"वा!" उद्धवराव खुर्चीतून अर्धे उठले. "माझ्या मानाचा गुरुवार येतोय. त्या दिवशीचा नैवेद्य, पूजा, सगळं माझ्याकडे. त्याच दिवशी लावू! बाई, शेवटी तुम्हालाही प्रचिती आली म्हणायची."

मानाचा गुरुवार यायला महिना लागला. त्या महिन्यात साहेबराव तीर्थ पीत राहिला आणि खोकला परत आला. आधी सकाळी, मग जेवताना, मग बोलताना. एकदा त्याने रुमाल पटकन मुठीत लपवला. सरूबाईने तो धुवायला घेतला तेव्हा मोरीत बसून ती किती तरी वेळ उठलीच नाही. सुमनताईंनी पुन्हा विनवण्या केल्या. साहेबराव म्हणे, "शब्द झालाय. गुरुवार येऊ दे."

तो गुरुवार आला. शेड गच्च भरली. सुमनताईंनी आदल्या दिवशीच झाकणाच्या आत सुईने ओरखडे काढून, कथलाचा थेंब टाकून फोटो घेतला होता. तो लिफाफ्यात घालून सरूबाईच्या पदराला बांधला होता.

"महाराज, आज मुद्रा मी लावणार," त्या पुढे होऊन म्हणाल्या.

महाराजांच्या कपाळावर आठी उमटली. "मुली, मुद्रा प्रकट होते, आणली जात नाही."

"महाराज, या आमच्या इन्स्पेक्शनच्या मुख्य आहेत," उद्धवरावांनी हात जोडले. "यांच्या हातचं सील भेदून दाखवलंत तर आमची सगळी कंपनी पायाशी येईल."

"होऊन जाऊ द्या!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "व्हय व्हय, लावू द्या बाईस्नी!"

गर्दी हा महाराजांचा माल होता. मालाचा कल बघून त्यांनी डोळे मिटले, दोनदा फुंकर मारली आणि कोंडीरामाकडे एक नजर टाकली. "लाव. अग्नीला कुणीही हात लावला तरी तो जाळतोच!"

सुमनताईंनी साहेबरावाच्या प्रश्नाची चिठ्ठी आणि कोरा कागद आत ठेवला. तार ओवली. झाकण दाबलं. कट्ट. महाराजांनी लगेच त्यावर शेंदराचा गोळा थापला, इतका की पितळ दिसेनासं झालं. मग भजन सुरू झालं. सुमनताई पेटीसमोरून हलल्या नाहीत.

दुपारी नैवेद्याचं ताट आलं. वर भाताची मूद, बाजूला पुरण, कुरडया. कोंडीरामाने चौथऱ्यावरचा पडदा ओढला.

"पडदा कशाला?" सुमनताईंनी विचारलं.

"देव जेवताना बघतात का?" पुढच्या रांगेतली एक बाई फणकारली. "काय बाई म्हणायची की कोण!"

पडद्याआड महाराज, कोंडीराम, पेटी आणि देव. झांजा एवढ्या जोरात वाजू लागल्या की आत कुणी पत्रा कापला असता तरी बाहेर कळलं नसतं. देवाला त्या दिवशी जेवायला जरा जास्तच वेळ लागला. नेहमी तो चार घास खाऊन उठायचा. आज भजनाचं तिसरं कडवं दोनदा म्हणावं लागलं.

पडदा सरला. महाराजांच्या कपाळाला घाम होता.

"मुद्रा अखंड!" त्यांनी हात वर केले. "उद्धवराव, या. सांगा सगळ्यांना!"

उद्धवराव वाकले, शेंदराने माखलेलं सील त्यांनी दुरूनच पाहिलं. "शाबूत! जसंच्या तसं शाबूत!"

तार कापली. पेटी उघडली. कोऱ्या कागदावर केशरी अक्षरं होती: "बहिणीच्या बोलण्यात अहंकार आहे. गोळ्या नकोत." शेड जयजयकाराने दणाणली. साहेबराव सुमनताईंकडे पाहत होता. त्याच्या नजरेत विजय नव्हता, हताशपणा होता. आत कुठेतरी बहीणच जिंकावी असं त्याला वाटत होतं.

"थांबा," सुमनताई म्हणाल्या. "सील अजून तपासलेलं नाही."

"साहेबांनी तपासलं की!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"साहेबांनी बघितलं. तपासणं निराळं." त्यांनी ते सील उचललं. पर्समधून पकड काढली. अस्सल सील कापायलाच लागतं. पण पकड लावण्याआधी, सवयीने, त्यांनी झाकणाखाली नख घातलं. झाकण टप्पकन निघून हातात आलं.

पुढच्या रांगेत कुणीतरी 'आं' केलं.

"मी लावलेल्या सीलच्या आत मी ओरखडे काढले होते आणि कथलाचा थेंब टाकला होता. वहिनी, फोटो द्या." सरूबाईने पदराची गाठ सोडली. सुमनताईंनी फोटो आणि झाकण शेजारी शेजारी धरून उद्धवरावांपुढे केलं. "साहेब, आता इंजिनिअर म्हणून बघा. यात ओरखडे आहेत?"

उद्धवरावांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "नाही... आत एकदम स्वच्छ आहे."

"देवाने ओरखडे पुसले!" महाराज कडाडले. "पाप होतं ते, देवाने धुऊन काढलं! बोला—"

पण 'जय' म्हणायच्या आत सुमनताईंनी कंदिलाशेजारची रॉकेलची बाटली उचलली, पदराच्या टोकावर थोडं ओतलं आणि झाकणावरचा शेंदूर पुसायला सुरुवात केली. शेंदूर तेलातला होता, सहज निघाला. खालचं पितळ दिसू लागलं, आणि मध्यभागी एक ठिपका राहिला. लाल. त्यांनी घासला, पुन्हा घासला. तो निघाला नाही. त्यांनी झाकण उंच धरलं.

"हा कसला रंग आहे? इथे सगळे कारखान्यातले आहात. सांगा."

शेडमध्ये एवढा वेळ ज्यांच्या तोंडाला खळ नव्हती, त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे, येत होतं म्हणून. मागच्या खांबाजवळ बसलेला एक म्हातारा फिटर शेवटी म्हणाला, "रिजेक्ट."

"रिजेक्ट," सुमनताई म्हणाल्या. "माझ्याच खात्याने नाकारलेला माल. नखाने उघडतो, नखाने बसतो. हा चेचून भंगारात जायला हवा होता. तो न चेचता कोंडीरामच्या पोत्यातून इथे आला. वर शेंदूर थापला, म्हणजे लाल रंगावर लाल रंग. आठवडाभर ज्या ठिपक्याला तुम्ही कामाच्या टेबलावरून ढकलून देता, त्याच्यापुढे गुरुवारी डोकं टेकता. इतके दिवस उघडायला नखाशिवाय काही लागलं नाही. आज अस्सल सील उघडेना, म्हणून तार कापून दुसरं रिजेक्ट लावलं. मग माझं कुठे गेलं?"

कोंडीराम नैवेद्याचं ताट घेऊन मागच्या दाराकडे सरकत होता. पण आज मान उद्धवरावांचा होता, आणि मानकऱ्याला मूद आधी मिळते. उद्धवराव सवयीने पुढे झाले. "अरे, ताट इकडे आण!"

"साहेब, देवाचं हाय, नदीत सोडायचंय—"

"माझा मान आहे!" असं म्हणत उद्धवरावांनी ताट ओढलं. बिचाऱ्यांना अजून काही कळलं नव्हतं. दोघांच्या ओढाओढीत भाताची मूद फुटली आणि तिच्यातून पितळेचं एक सील घरंगळत चौथऱ्यावर पडलं. तार कापलेली, शेंदराला भात चिकटलेला.

सुमनताईंनी ते उचललं. नखाने उघडेना. पकडीने कापलं. आत सुईचे वेडेवाकडे ओरखडे, कोपऱ्यात कथलाचा थेंब, फोटोत जसा होता तसाच.

"हे काय आहे महाराज?" उद्धवरावांचा आवाज चिरका झाला.

"हा... हा देवाचा खेळ... देवाने ते भक्षण केलं..."

"भक्षण केलं आणि भातात ओकलं?" म्हातारा फिटर उठून उभा राहिला होता. आता हसू फुटलं. आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे. मुद्रामहाराजांना शिव्या ऐकायची सवय असावी. हसणं त्यांना सहन झालं नाही. पडदा अंगाभोवती गुंडाळावा तसा धरून ते मागच्या दाराने निघाले आणि कोंडीराम त्यांच्याही आधी निघाला. एवढं होऊनही जाता जाता दोन बायका त्यांच्या पाया पडल्याच.

सुमनताईंनी गर्दीकडे पाहिलं. त्यांना हसू येत नव्हतं.

"आमची सील लागतात त्या अणुकोठारात कॅमेरे असतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापुढे कुणी फडकं धरलं तर आम्ही असं म्हणत नाही की आत देव जेवत असेल. आम्ही म्हणतो, फडकं का धरलं? इथे दर गुरुवारी तुमच्या नाकासमोर पडदा ओढला जात होता. एकानेही विचारलं नाही. उलट विचारणाऱ्या बाईला गप्प बसवलंत. ज्याचं खरं असतं त्याला पडदा लागत नाही, आणि तपासलं म्हणून त्याचा गुण जात नाही. ज्या वस्तूला 'पुसू नका, उघडू नका' असं बजावतात, तीच आधी पुसा. तीच आधी उघडा."

कुणी मान खाली घातली, कुणी पायातल्या चपला शोधायला लागलं.

साहेबराव उभा होता तिथेच होता. त्याचा हात गळ्यातल्या सीलवर गेला होता. त्याने रॉकेलच्या बाटलीकडे पाहिलं. मग स्वतःच पुढे आला, अंगठ्यावर थोडं घेतलं आणि सील पुसू लागला. त्याच्या अंगठ्याची कातडी वीस वर्षांच्या गरम वाळूने जाड झालेली होती. शेंदूर निघाला. लाल ठिपका तसाच राहिला. त्याने झाकणाखाली नख घातलं. टप्पकन उघडलं.

मग जोराचा खोकला आला, रुमाल तोंडाला गेला, आणि या वेळी त्याने तो लपवला नाही.

"सरू," तो म्हणाला, "बाटली आणलीयस?"

सरूबाईने आणली होती. महिनाभर ती रोज पिशवीत घेऊनच फिरत होती. साहेबरावाने सगळ्यांसमोर गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी मागितलं. कुणीतरी तीर्थाचा तांब्या पुढे केला. त्याने तो बाजूला सारला आणि बाहेरच्या नळाचं पाणी प्याला.

शुक्रवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आत उद्धवराव प्रेसशेजारी उभे होते. रिजेक्टचा एकेक नग त्यांनी आपल्या डोळ्यांसमोर चेचून घेतला आणि चेचून झाल्यावरच कागदावर सही केली. कपाळाला बुक्का होता, पण त्या दिवशी त्यांना कुणी प्रचितीबद्दल विचारलं नाही.

डॉक्टरांनी साहेबरावाला चांगलंच झापलं. महिना बुडाला, रोग माजलाय, आता इंजेक्शनं पहिल्यापासून, दीड वर्षही पुन्हा पहिल्यापासून. साहेबरावाने मान हलवली आणि दवाखान्याच्या बाकड्यावर रांगेत जाऊन बसला. सुमनताई शेजारी बसल्या. कंपनीत त्यांनी रजा टाकली होती.

पलीकडे थेरगावचा एक तरुण वेल्डर बसला होता. खोकत खोकत तो साहेबरावाला म्हणाला, "भाऊ, आळंदी रोडला आणखी एक बाबा आलेत म्हणं. मंतरलेली राख देतात, छातीचं दुखणं जातंय. जाऊ का एकदा?"

"जा की," साहेबराव बाही वर करत म्हणाला. "पर राख आधी हातावर घेऊन पुसून बघ, खाली काय हाय ते. आन् पुसू दिली न्हाई, तर सरळ हितं येऊन बस. जागा ठेवतो तुजी."

मग नर्सने हाक मारली आणि त्याने दंड पुढे केला.